चौदावा फर्मा

पुस्तक टेबलावर ठेवलं गेलं आणि बाइंडरताईने ते बघताक्षणी ओळखलं. करडं कापड, कण्यावरची सोनेरी अक्षरं निम्मी पुसलेली, कोपरे मात्र अजून शाबूत. ग्रंथपाल बाई तळघराच्या पायऱ्या सहसा उतरत नसत, त्यांचे गुडघे दुखतात, पण आज उतरल्या होत्या आणि धापा टाकत सांगत होत्या की कुणी एक निवृत्त शिक्षिका आहेत, मुलाकडे राहायला नव्याने आल्यात, त्यांनी हे पुस्तक परत करताना काउंटरवर तक्रार केली की याला शेवटच नाही. त्यांनी म्हणे तरुणपणी दुसऱ्या गावी ही कादंबरी वाचली होती आणि तेव्हा ती इथे संपत नव्हती. ग्रंथपाल बाईंना हसू येत होतं. अहो, हाच तर शेवट, असं त्यांनी त्या शिक्षिकेला सांगितलं होतं, याच शेवटावर आम्ही सगळ्या रडलोय, मी स्वतः तीनदा रडलेय. तरी एकदा बघून ठेव गं, पान-बिन पडलंय का, असं म्हणून त्या कठड्याला धरून वर गेल्या. बाइंडरताईने पुस्तकाला हात लावला नाही. आधी खळ ढवळली, मग सुया पुसल्या, मग पुस्तकं दाबायच्या शिकंज्याचा दांडा विनाकारण घट्ट केला आणि परत सैल केला. या तळघरात ती एकतीस वर्षं काम करत होती, ग्रंथालयातलं जवळपास प्रत्येक पुस्तक तिने कधी ना कधी उसवून शिवलं होतं, आणि हे एकच पुस्तक तिने आजवर टाळलं होतं. त्यालाही कधी खाली यायची वेळ आली नव्हती. तिच्या आधी याच तळघरात बसणाऱ्या तिच्या बाबांची शिलाई होती ती. बाबांची शिलाई उसवत नसे.

तिला या पुस्तकाचा राग होता, आणि त्याहून जास्त राग होता ते वाचणाऱ्यांचा. तळघराची एक खिडकी वरच्या काउंटरच्या पायाशी उघडायची, तिथून माणसांचे पाय दिसत आणि बोलणं ऐकू येई. वर्षानुवर्षं तिने ते ऐकलं होतं. काळीज फाटलं हो, दोन दिवस जेवण गेलं नाही, झोप उडाली, असं म्हणणाऱ्या बायका, आणि क्वचित पुरुषही, आणि त्यांच्या आवाजात तक्रार नसायचीच, मेजवानी झोडून आलेल्या माणसाची तृप्ती असायची. रडायला मिळालं की पुस्तक चांगलं. पुन्हा त्याच वाचकाने चार महिन्यांनी तेच पुस्तक मागायचं, काळीज एवढं फाटलं होतं तर परत फाडून घ्यायला का येता, असं ओरडून विचारावंसं तिला वाटे. फाटलेलं काळीज तिने बघितलं होतं. ते कुणाला सांगायला जात नाही. ते शेगडीसमोर उभं राहतं आणि डोळ्यांदेखत दूध उतू जाऊ देतं.

बाइंडरताई तेव्हा अकरा वर्षांची होती. दोन खोल्यांचं घर, बाहेरच्या खोलीत बाबांचं टेबल, कारण जास्तीचं काम ते घरी आणत, आणि आतल्या खोलीत आई, जी वाचत असे. आई म्हणजे वाचणारी बाई, शेजारीपाजारी तिला याच नावाने ओळखत आणि थोडं हसतही. कपडे वाळत घालताना ती पुस्तक काखेत धरायची. बाबा आयुष्यभर पुस्तकं बांधत आले, पण त्यांनी एक कधी वाचलं नाही, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. वाचायला लागलं की हात चुकतो, असं ते म्हणत. तर त्या आठवड्यात आई ही करडी कादंबरी वाचत होती, आणि तिच्या अंगात काहीतरी संचारलं होतं, मुलीलासुद्धा ते कळत होतं. वेणी घालताना ती मध्येच थांबायची आणि मुलीच्या डोक्यावर हात तसाच ठेवून भिंतीकडे बघत राहायची. एकदा नुसतीच हसली. कपाटावर एक चेनची पिशवी आली होती, पूर्वी नसलेली, आणि तिला हात लावायचा नाही असं मुलीला बजावलं होतं. मग एका संध्याकाळी आई पुस्तक घेऊन बाहेरच्या खोलीत गेली आणि बाबांसमोर तिने ते धरलं. शेवटच्या पानांचे फर्मे सुटलेत, ती म्हणाली, आता थोडंच राहिलंय, शेवट वाचायच्या आधी नीट करून द्या, नाहीतर पान गहाळ व्हायचं. इतक्या मोकळ्या आवाजात ती बाबांशी बोललेली मुलीला आठवत नव्हतं. म्हणून ते वाक्य लक्षात राहिलं, शब्दन् शब्द.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी पुस्तक आणून दिलं. नवा कणा, नवं कापड, पुठ्ठ्याच्या नव्या पाट्या. आईने हात पुसले आणि तिथेच ओट्याला टेकून उभ्या उभ्या वाचायला घेतलं. फार वेळ लागला नाही. तिने पुस्तक मिटलं, परत उघडलं, शेवटचं पान पुन्हा वाचलं, त्यापुढचं कोरं अस्तर उलटून पाहिलं, आणि दूध उतू गेलं. करपल्याचा वास घरभर पसरला तरी ती हलली नाही. मग शेगडी बंद करून ती आत आली, स्टुलावर चढली, पिशवी खाली काढली आणि एकेक वस्तू बाहेर काढून ज्याच्या त्याच्या जागी ठेवून दिली. तिचे दोन जोड कपडे, शिक्क्याचा एक कागद, बाकीचं सगळं. कागद तिने गादीखाली सरकवला. तो मुलीने पुढे आई गेल्यावर पाहिला, परगावच्या एका इस्पितळात परिचारिकेच्या शिक्षणासाठी जागा मिळाल्याचं पत्र होतं ते. राहण्याची सोय होईल, असं त्यात खाली हाताने लिहिलेलं होतं.

त्या दिवसापासून आई 'बरं' म्हणायला लागली. आज लवकर जायचंय. बरं. पाहुणे येणार आहेत. बरं. मुलीचं शिक्षण दहावीनंतर पुरे, माझ्या हाताखाली तळघरात येऊ दे, काम तरी शिकेल. बरं. रडली असती, भांडली असती, भांडी आपटली असती तर मुलीला काहीतरी हाताला लागलं असतं. पण आई नुसती मिटली. पुस्तक तिने पुन्हा वाचायला घेतलं नाही, कुठलंच नाही. बाबा ग्रंथालयातून नवी नवी पुस्तकं घेऊन येत, तिच्यासमोर ठेवत, हे बघ, हे सगळे मागतायत, म्हणत. ती ती पुस्तकं पुसून कपाटात ठेवी आणि मुदत संपली की परत नेण्यासाठी काढून देई. अशी अठरा वर्षं काढून ती गेली, तेही कुणाला फारसा त्रास न देता. म्हणजे एका पुस्तकाने तिला खाल्लं, असा हिशेब मुलीने मनाशी पक्का केला होता. कुणीतरी एक माणूस दूर कुठेतरी खुर्चीत बसून चार दुःखी वाक्यं लिहितो, आणि इथे एका जिवंत बाईचं आयुष्य विझून जातं, आणि वर लोक म्हणतात काय ताकदीचं लिहिलंय. ताकद! तिला त्या लेखकाची मान धरून त्या ओट्यासमोर उभं करायचं होतं.

होईल ते होईल, असं म्हणत तिने शेवटी पुस्तक पुढे ओढलं. पान पडलंय का एवढंच बघायचं, वाचायचं नाही. प्रत्येक फर्म्याच्या, म्हणजे एकाच कागदाच्या घड्यांतून झालेल्या पानांच्या जुडीच्या, पहिल्या पानाच्या तळाशी बारीक आकडा असतो, तो बघत ती चालली. एक, दोन, तीन. सोळा सोळा पानांचे फर्मे. तेरा फर्मे झाले, दोनशे आठावं पान आलं, आणि मग कोरं अस्तर. वरच्या मजल्यावरून आणवलेल्या नोंदवहीत पानं दोनशे चोवीस लिहिलेली होती. म्हणजे शिक्षिका खरं बोलत होत्या, चौदावा फर्मा नव्हता. पडतात फर्मे, त्यात काय. पण पडलेल्या फर्म्याचा दोरा मागे राहतो, लोंबतो, निदान भोकं तरी दिसतात. तिने अस्तर सोडवलं, कणा उघडा केला आणि सुईच्या टोकाने दोरा चाचपला. दोरा तेराव्या फर्म्यातून बाहेर आला होता, मागच्या टाक्याखालून गेला होता आणि तिथेच त्याला गाठ मारली होती. दुहेरी फासाची, डाव्या हाताने ओढलेली गाठ. ही गाठ जगात दोघांनाच येत होती. एक बाबा, आणि दुसरी ती, कारण बाबांनी तिला दुसरी शिकवलीच नव्हती.

तिने हात काढून घेतला. वर कुणाचे तरी पाय खिडकीवरून गेले. तिने पुन्हा पुस्तक उचललं, पुढची पाटी चिमटीत धरली, मग मागची. मागची जाड होती. फार नाही, नखाएवढी. बाबांच्या हातून दोन पाट्या कमी-जास्त होणं शक्य नव्हतं, यावरून त्यांनी तिला तीन वर्षं फटकारलं होतं, एकदा सगळ्यांसमोर अख्खा गठ्ठा परत उसवायला लावला होता. डोळ्यांसमोर सगळं एकदम स्वच्छ झालं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लबाडी करायची तर निदान गबाळी करायची ना. दोरा अर्धवट सोडायचा, गाठ ढिली ठेवायची, म्हणजे फर्मा आपोआप पडला असं कुणालाही वाटलं असतं. पण नाही. लबाडीतसुद्धा काम चोख. कधीतरी दुसरा बाइंडर हे पुस्तक उघडेल आणि तो बाइंडर कोण असेल, हा विचार त्यांना शिवलाच नाही.

मग तिने शेवटचं पान वाचलं. त्या दुपारनंतर छत्तीस वर्षांनी, पहिल्यांदाच. घर सोडायला निघालेल्या बाईची गोष्ट, आणि वाक्य साधं होतं. 'दारापाशी येऊन तिने पिशवी खाली ठेवली.' पूर्णविराम. पान तिथेच भरलेलं, ओळ शेवटापर्यंत गेलेली, योगायोग कसला तर छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याचा. आणि त्या वाक्याखाली समासात वाचकांची पेन्सिल चाललेली होती. का? का गं? अशी कशी परतलीस? वेगवेगळी अक्षरं, काही पुसट, एक हिरव्या शाईतलं, कागद जागोजागी फुगून वाळलेला. सगळं गाव या वाक्यावर रडलं होतं, तीन तीनदा रडलं होतं, आणि हे वाक्य शेवट नव्हतंच, शेवट बाबांनी केला होता. ज्यांनी आयुष्यात एक पुस्तक वाचलं नाही त्यांनी. त्या गर्दीच्या अगदी वर, सगळ्यांच्या आधी लिहिलेलं, बारीक आणि सरळ, तिला पाठ असलेल्या आईच्या अक्षरात फक्त एक शब्द होता. बरं.

फडक्याची घडी कोमट पाण्यात भिजवून, पिळून तिने मागच्या पाटीवर ठेवली. घाई करायची नाही, हे हातांना माहीत होतं, तिला स्वतःला मात्र ती पाटी दातांनी फाडावीशी वाटत होती. तिने तीनदा फडकं बदललं. मग हाडाची पट्टी कडेने आत सरकवली आणि वरचा पातळ पुठ्ठा सोलून काढला. आत फर्मा होता. सोळाही पानं, घडी न मोडलेली, खळ फक्त वरच्या आणि खालच्या पानाला लावलेली, आतली पानं नवी करकरीत. फेकलाही नव्हता त्यांनी. जाळला नव्हता. आई ओट्याशी उभी राहून शेवट शोधत होती तेव्हा शेवट तिच्या तळहातावरच होता, पाटीच्या आत, तिचा अंगठा त्याच्यावर होता. बाइंडरताईने पहिल्या पानावरची खळ बोटाने हलके हलके पुसली. दोनशे नऊ. अक्षरं वर आली. 'चपला घातल्या, आणि पिशवी पुन्हा उचलली.'

चपला घालायला ठेवली होती. त्या बाईने पिशवी खाली ठेवली ती चपला घालायला, एवढंच, कुणीही ठेवतं, दोन्ही हात लागतात. ती तळघरात एकटीच मोठ्याने हसली आणि ते हसणं तिच्याच कानांना इतकं वाईट लागलं की तिने तोंडावर हात दाबला. हाताला खळ होती. छत्तीस वर्षं तिने एका निरपराध पुस्तकाचा द्वेष केला होता. लेखकाने तर बाईला दार उघडून दिलं होतं. दार लावणारा माणूस घरात होता, त्याला ती रोज सकाळी अंघोळीला पाणी काढून देत होती, डोळ्यांत थेंब घालत होती, जेवताना काटा असेल तर काढून देत होती, आणि लोक म्हणत होते, लेकीने बापाचं केलं हो, अगदी हातावर झेललं. लग्न राहून गेलं ते त्यांच्यापायी, असंही म्हणत. तिने तो फर्मा दोन टिपकागदांमध्ये ठेवून शिकंज्यात दाबला. वाळायला दोन तास लागणार होते. ते दोन तास ती काहीही न करता स्टुलावर बसली, आणि राग ओसरेल की काय अशी तिला भीती वाटत राहिली, कारण वय झालंय त्यांचं, आता काय बोलायचं, असं म्हणणारा एक शहाणा आवाज तिच्या आत नेहमी असे. तो आवाज बहुतेक आईकडून आला होता. आज तो बोलला नाही.

घरी पोचली तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. बाबा त्यांच्या खुर्चीत होते, मांडीवर सकाळचं वर्तमानपत्र. दोन्ही डोळ्यांनी आता त्यांना नुसता उजेड कळायचा, वाचण्याचा प्रश्नच नव्हता, पण वर्तमानपत्र त्यांना लागायचं, कारण ते त्याच्या घड्या घालत. मोठा कागद अर्धा, मग पाव, मग त्याच्याही निम्मा, अंगठ्याच्या नखाने कड मारून, सोळा पानांचा फर्मा. दिवसभरात असे आठ-दहा करून ठेवत. तिने चहा दिला. संध्याकाळी चहानंतर ती त्यांना काहीतरी वाचून दाखवत असे, बातम्या, औषधाच्या जाहिराती, कधी कुणाचं आत्मचरित्र, म्हातारपणी त्यांना ऐकायला आवडायला लागलं होतं. आज काय आणलंस, त्यांनी विचारलं. ती समोर बसली आणि वाचायला लागली.

"चपला घातल्या, आणि पिशवी पुन्हा उचलली."

नख कागदावर फिरत होतं ते थांबलं. ती वाचत गेली. बाई जिना उतरली, जिन्यात शेजारीण भेटली, कुठे निघालात म्हणाली, बाईने खरं ते सांगून टाकलं. एक पान झालं. बाबांनी कप बशीत ठेवला.

"कुठे मिळालं?"

"पाटीत. मागच्या."

त्यांनी बशी चाचपून बाजूला सरकवली. मग म्हणाले, "पाणी कोमट घेतलंस ना? गरम पाण्याने शाई फुटते."

तिला आयुष्यभर वाटत आलं होतं, की या माणसाला कामापलीकडे काही कळत नाही, तो मनाने वाईट नाही, कळत नाही त्याला. पण त्यांना कळलं होतं. आयुष्यात एकदाच त्यांनी सोळा पानं वाचली होती आणि त्यांना बरोब्बर कळलं होतं की पुस्तक माणसाचं काय करू शकतं, ग्रंथपाल बाईंना आणि त्या सगळ्या रडणाऱ्यांना मिळून कळलं नव्हतं तेवढं. कोमटच घेतलं, ती म्हणाली. आणि मग विचारलं, की तुम्ही तर वाचत नव्हतात, मग हे कसं वाचलंत. बाबांनी मान खिडकीकडे वळवली, जिथे उजेड होता. कपाटावरची पिशवी त्यांना दिसली होती, ते म्हणाले. रोज दिसत होती. विचारायचं धाडस झालं नाही. मग तिने पुस्तक दुरुस्तीला दिलं तेव्हा वाटलं, यात आहे काय एवढं ते तरी बघावं.

"पिशवी उघडून बघितलीत?"

"छे," ते जवळजवळ दुखावून म्हणाले. "दुसऱ्याची पिशवी कशी उघडायची?"

तिने पानं मांडीवर ठेवली. बाबा बोलत होते, एकदा सुरू झाल्यावर त्यांना थांबता येत नव्हतं, की ती गेली असती, नक्की गेली असती, मी तिचा चेहरा बघत होतो ना, आणि मी माझ्यासाठी नाही केलं, मी एकटा कसाही राहिलो असतो, पण घरात अकरा वर्षांची पोर होती, आई टाकून गेली म्हणून लोकांनी तुला काय काय ऐकवलं असतं, मी तुझ्यासाठी केलं, तुझी आई तुला राहिली.

"त्या पिशवीत माझा फ्रॉक होता, बाबा."

त्यांनी मान खिडकीवरून तिच्याकडे वळवली.

"निळा. आणि माझे शाळेचे दाखले, आणि माझ्या वेणीच्या रिबिनी. मी दारात उभी होते. तिने ते काढून माझ्या कप्प्यात परत ठेवलं. ती मला घेऊन निघाली होती." तिचा आवाज चढला नाही, तिला चढवायचा होता तरी चढला नाही. "एकदा चेन उघडली असतीत तर दिसलं असतं तुम्हाला."

बाबांचा हात मांडीवरच्या घडीवर होता. त्यांनी ती घडी उलगडली, पुन्हा घातली, कड चुकली. तिने त्यांची कड चुकलेली कधी पाहिली नव्हती. तिला त्यांची दया यायला हवी होती आणि ती यायला लागली होती, म्हणून तिने घाईघाईने पानं उचलली. अजून पंधरा पानं आहेत, ती म्हणाली. सगळी ऐकायची. उद्या मी हा फर्मा शिवून टाकणार आहे, तुमच्याच गाठीने, मला दुसरी येत नाही. पण आधी तुम्ही ऐकायचं, शेवटपर्यंत.

"बरं," बाबा म्हणाले.

तो शब्द या घरात अठरा वर्षांनी कुणीतरी उच्चारला होता. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मिटलेल्या, आज्ञाधारक तोंडाकडे. मग बोट ओलं करून पान उलटलं आणि आतल्या, आईच्या खोलीतही ऐकू जाईल एवढ्या मोठ्या आवाजात पुढे वाचायला लागली.